ईटीपी बांधला जातो, चालवला जात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या औद्योगिक वसाहतीत ऐंशीच्या आसपास छोटे-मध्यम रासायनिक कारखाने आहेत, सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणजे सीईटीपी आहे, बहुतेकांकडे स्वतःचा ईटीपी म्हणजे कारखान्यापुरतं सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे. तरीही सीईटीपीच्या बाहेर पडणारं पाणी निकषात बसत नाही. नोटिसा येतात, महिनाभर सगळं ठीक चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुमच्या संघटनेत एक गट म्हणतो दंड वाढवा, दुसरा म्हणतो सवलती द्या. उद्योगांना नियम पाळायला प्रवृत्त करायचं तर नक्की काय करायचं?

मी पंचवीस वर्षं रासायनिक कारखान्यांचे ईटीपी उभे करतो आणि चालवतो. माझं उत्तर दोन्ही गटांना पूर्ण पटणार नाही. तुमच्याकडे यंत्रणा आहे, नियमही माहीत आहेत. अडचण यंत्रणा रोज चालवण्याच्या खर्चात आहे, आणि दंड असो की सवलत, दोन्ही या रोजच्या खर्चाला हात लावत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका वसाहतीत मी रात्री साडेअकराला एका कारखान्याच्या ईटीपीवर गेलो. मालकानेच बोलावलं होतं, कारण सीओडी (पाण्यातल्या घाणीचं रासायनिक विघटन व्हायला किती प्राणवायू लागेल याचं माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) काही केल्या उतरत नव्हता. एरेशन टाकीजवळ, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या टाकीजवळ, पोचलो तर तिच्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज नाही. टाकीचं पाणी काळं, संथ, मधूनच एखादा बुडबुडा वर येई आणि कुजक्या अंड्याचा वास सुटे. केबिनमध्ये लॉगबुक होतं. तीसही दिवस पीएच ७.२, सीओडी १८०, एकच पेन, एकच वळण. ऑपरेटर जवळच्या गावातला मुलगा, बीएस्सी झालेला, ठेकेदाराकडून हेल्परच्या पगारावर लागलेला. मी विचारलं, तेव्हा त्याने लपवलं नाही. "सर, रात्री नऊला बंद करायचा आणि सकाळी सहाला चालू करायचा, असं वरून सांगितलंय. बिल जास्त येतं म्हणून."

वरून म्हणजे मालकाकडून नव्हे. उत्पादन विभागाच्या व्यवस्थापकाला वीजबिल कमी करून दाखवायचं होतं आणि त्याला कात्री लावायला सगळ्यात सोपी जागा ईटीपीची दिसली, कारण ईटीपी बंद पडला म्हणून उत्पादन थांबत नाही. इकडे टाकीतले जिवाणू रोज रात्री नऊ तास प्राणवायूशिवाय काढत होते. गाळ सडत होता. मग दिवसा ब्लोअर कितीही चालवला तरी सीओडी उतरणार कसा? म्हणजे दिवसाच्या पंधरा तासांची वीजही वायाच जात होती.

आता हिशोब बघा. ब्लोअर १५ हॉर्सपॉवरचा, म्हणजे सुमारे ११ किलोवॅट. युनिटला ९ रुपये धरले तर नऊ तास बंद ठेवून ९०० रुपयांच्या आसपास वाचतात. उलट बाजूला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सांडपाणी प्रक्रियेबाबत दिलेल्या निकालानंतरच्या कार्यवाहीतून ते आलं. प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि ठिकाण यांचा गुणाकार करायचा. लाल गटासाठी, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांसाठी, निर्देशांक ८०, रुपयांचा गुणक २५०, लघुउद्योगासाठी ०.५, लोकवस्ती दहा लाखांच्या आत असेल तर ठिकाणाचा गुणक १. गुणाकार येतो दिवसाला १०,००० रुपये.

नऊशे वाचवायला दहा हजारांचा धोका. दंडाच्या रकमेनेच माणूस सुधारत असता तर ही टाकी काळी पडलीच नसती. पण व्यवस्थापकाच्या डोक्यातला हिशोब वेगळा असतो: नमुना वर्षातून एक-दोनदा घेतला जाणार, तोही दिवसा, आणि गाडी गेटवर आली की ब्लोअर सुरू करायला दोन मिनिटं पुरतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या गटाला माझं सांगणं असं की, दंड दुप्पट करून हा हिशोब बदलत नाही. पकडले जाण्याची खात्री वाढली तरच बदलतो.

मग तपासण्या वाढवाव्यात का? नुसत्या वाढवून उपयोग होत नाही, आणि याचा चांगला पुरावा शेजारच्या गुजरातमध्ये आहे. तिथल्या मंडळाबरोबर काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला आणि निवडक कारखान्यांवरच्या तपासण्या जवळपास दुप्पट केल्या. प्रदूषणात म्हणावा असा फरक पडला नाही. कारण असं निघालं की फार मोठे उल्लंघन करणारे कोण हे क्षेत्रीय अधिकाऱ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं आणि त्यांच्याकडे ते जातच होते. वाढीव फेऱ्या निकष थोडासा ओलांडणाऱ्यांकडे गेल्या, आणि त्यांच्यावर करण्यासारखी कारवाईच हातात नव्हती. मंडळाकडचं खरं हत्यार म्हणजे वीज-पाणी तोडून कारखाना बंद करणं. सीओडी २५० च्या जागी ३१० आला म्हणून दोनशे कामगारांचा कारखाना कोणी बंद करत नाही. आणि करू नये, असं माझंही मत आहे. मग उरते ती नोटीस, तिला उत्तर, पुन्हा नोटीस. कारखानदार हे ओळखून असतो.

म्हणून शिक्षेला पायऱ्या हव्यात. जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा. दोन्हींचा भर सुरुवातीपासून फौजदारी खटल्यांवर राहिला आणि ते खटले वर्षानुवर्षं रखडले. १ एप्रिल २०२४ पासून हवा कायद्यात आणि पर्यावरण संरक्षण कायद्यात बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आणि तो निर्णायक अधिकारी ठरवतो. काही मित्रांना ही ढिलाई वाटते. मला वाटत नाही. कधीच न होणाऱ्या कैदेपेक्षा चार महिन्यांत भरावा लागणारा दोन लाखांचा दंड जास्त काम करतो. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळ संमतीपत्राच्या, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीच्या, अटींसाठी बँक हमी घेतं, तीही याच कामाची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना भरपाई आकारण्याचा आणि आगाऊ बँक हमी घेण्याचा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं आहे. हमी एकदम सगळी जप्त करण्याची वेळ येऊच नये. पहिल्या चुकीला थोडी, तीन महिन्यांत सुधारणा नाही तर आणखी, असं वेळापत्रक आधीच लिहून द्यावं. ते एकदा लेखी असलं की अधिकाऱ्यावर दबावही येत नाही आणि मालकालाही पुढे काय होणार हे ठाऊक असतं.

पण हे सगळं ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडाच खोटा असेल तर? माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. पुन्हा गुजरातचंच उदाहरण देतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तिथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट होतं. ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यायचे. चिमणीतल्या धूलिकणांची मर्यादा १५० मिलिग्रॅम, आणि अहवालांमधले बहुतेक आकडे त्याच्या किंचित खाली येऊन थांबलेले. मग अहमदाबाद-सुरत भागातल्या काही कारखान्यांसाठी नियम बदलून पाहिले. ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमला, पैसे एका सामाईक निधीतून ठरलेल्या दराने दिले आणि काही ठिकाणी दुसऱ्या पथकाने जाऊन पुन्हा मोजणी केली. ऑडिटर खरं लिहू लागले. आणि ऑडिटर खरं लिहू लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषण कमी केलं. कायदा तोच, मर्यादा तीच, कारखाने तेच. बदललं एवढंच की पगार कोण देतो.

तुमच्या संघटनेला हे उद्या करता येईल, त्यासाठी सरकारची वाट पाहायला नको. सध्या प्रत्येक सभासद आपापल्या ओळखीच्या प्रयोगशाळेकडून नमुने तपासून घेतो. त्याऐवजी संघटनेने वर्गणी गोळा करावी, मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळा ठरवाव्यात, कोणाकडे कोण जाणार हे दर महिन्याला चिठ्ठीने ठरवावं आणि दहातला एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गुपचूप पाठवावा. सुरुवातीला सभासद कुरकुर करतील. ज्यांचा प्लांट नीट चालतो ते मात्र तुमच्या बाजूने उभे राहतील, कारण आज शेजाऱ्याच्या पापाचे शिंतोडे त्यांच्यावर उडताहेत. सीईटीपीचा नमुना नापास झाला की नाव सगळ्या वसाहतीचं खराब होतं.

सीईटीपीचा विषय निघालाच आहे, तर तुमचं आकारणीपत्रक काढून बघा. बहुतेक ठिकाणी सभासदाकडून घनमीटरवर पैसे घेतात. समजा एक कारखाना रोज २० घनमीटर पाणी पाठवतो, सीओडी ३,०००. दुसरा १० घनमीटर पाठवतो, सीओडी १२,०००. पहिल्याचा भार ६० किलो, दुसऱ्याचा १२० किलो. आकारणी मात्र पहिल्याला दुप्पट! जो आपल्याकडे प्रक्रिया करून पातळ पाणी पाठवतो त्याला शिक्षा आणि जो मदर लिकर (उत्पादन वेगळं काढल्यावर उरणारं दाट द्रावण) तसंच ढकलतो त्याला बक्षीस. हे पत्रक ज्याने बनवलं त्याने वाईट हेतूने बनवलेलं नसतं. घनमीटर मोजणं सोपं, म्हणून तसं झालेलं असतं. पण माणसं पत्रकाप्रमाणे वागतात. आकारणी किलो सीओडीवर आणा, क्षारांसाठी वेगळा दर लावा, आणि ठरल्यापेक्षा जास्त भाराला चढता दर ठेवा. सीईटीपीच्या बाहेर सीओडी २५० च्या आत आणायचा तर आत येणाऱ्या भारावरच लगाम घालावा लागतो. केंद्राच्या टाक्या वाढवून ते होत नाही.

पत्रक बदललं की एक गंमत घडते. आतापर्यंत ज्याला "वेस्ट" म्हणत होते त्याची किंमत मालक विचारू लागतो. एक किलो मिथेनॉल नाल्यात गेलं तर दीड किलो सीओडी होतो, एक किलो टोल्युइन गेलं तर तीन किलोच्या वर. म्हणजे धुण्याच्या पाण्यातून रोज २० किलो मिथेनॉल जात असेल तर तेवढ्यातूनच ३० किलो सीओडी. आणि ते मिथेनॉल त्याने पैसे मोजून आणलेलं आहे. मी कारखान्यात गेलो की पहिला दिवस ईटीपीवर घालवत नाही, उत्पादनाच्या मजल्यावर घालवतो. रिॲक्टर कशाने धुता, किती पाण्याने धुता, पहिलं धुणं वेगळं साठवता का, कंडेन्सरला चिल्ड वॉटर पुरतं का, सॉल्व्हंटची महिन्याची खरेदी आणि उत्पादनात गेलेलं प्रमाण जुळतं का. पहिलं धुणं वेगळं काढलं आणि कंडेन्सर सुधारला तर ईटीपीवरचा भार खूप हलका होतो, आणि हे काम मालक आनंदाने करतो. त्याला पर्यावरणाचं प्रवचन द्यावं लागत नाही.

वापरलेल्या आम्लाचंही तसंच. २०१६ च्या घातक कचरा नियमांत नववा नियम आहे: एका कारखान्याचा घातक कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होऊ शकत असेल तर मंडळाच्या परवानगीने आणि ठरलेल्या कार्यपद्धतीने तो देता येतो. साठ-सत्तर टक्क्यांचं वापरलेलं सल्फ्युरिक आम्ल चुन्याने मारून गाळाचे डोंगर करायचे आणि ते विल्हेवाट केंद्रात पैसे भरून पाठवायचे, त्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. एकट्या छोट्या कारखान्याला ती कागदपत्रं झेपत नाहीत. संघटनेने दहा जणांची मिळून एकत्र तयारी करावी, नमुने तपासावेत, घेणारा शोधावा. तुमच्या दुसऱ्या गटाला सवलती हव्या आहेत ना, त्यांना हे काम द्या.

सवलतींबद्दल एक जुनी गोष्ट आठवते. १९७७ चा पाणी उपकर कायदा होता. जो उद्योग प्रक्रिया यंत्रणा बसवून निकष पाळत असे त्याला उपकरात २५ टक्के सूट मिळत असे. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती दरवर्षी निकष पाळल्यावरच मिळायची, म्हणजे यंत्रणा चालवल्याबद्दल मिळायची. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये तो उपकर गेला आणि त्याबरोबर सूटही गेली. दुसरीकडे आयकरात प्रदूषण नियंत्रण यंत्रांवर १०० टक्के घसारा मिळत असे, तो त्याच सुमारास ४० टक्क्यांवर आला. पण तो घसारा यंत्र विकत घेतल्याबद्दल होता, चालवल्याबद्दल नव्हता. अनुदानांचंही तेच, भांडवली खर्चाला असतात. म्हणून आपल्या वसाहतींमध्ये देखणे, रंगवलेले, बंद पडलेले ईटीपी दिसतात. सवलत मागायचीच असेल तर चालवण्याशी बांधलेली मागा. सलग चोवीस महिने चिठ्ठीने घेतलेले नमुने पास झाले तर संमतीपत्राचं नूतनीकरण विनाविलंब, बँक हमीची रक्कम निम्मी, सीईटीपीच्या दरात सूट. यातल्या शेवटच्या गोष्टीला मंत्रालयात जावं लागत नाही.

साखर पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांकडे पाहिलं की हे आणखी कळतं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागे उरणारं गडद सांडपाणी, तयार होतो, आणि त्याचा सीओडी लाखाच्या घरात. नद्यांमध्ये मासे मरून तरंगत आले की लोकांचं बोट आधी त्याच्याकडे जायचं. नियम कडक झाले, पाणी बाहेर सोडायचंच नाही असं बंधन आलं, पण टिकाव लागला तो स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, त्यातून वाफ मिळते आणि राखेत पोटॅश असतं म्हणून. २०२१ मध्ये मळीजन्य पोटॅश खतांच्या अनुदान योजनेत आलं आणि त्या राखेला भाव आला. राखेला भाव असताना स्पेंटवॉश नदीकडे कोण सोडेल? बंधन आणि भाव दोन्ही एकत्र आले तिथे गाडी हलली. नुसत्या बंधनाच्या काळात टँकर रात्री कुठे रिकामे होत, हे त्या भागातल्या शेतकऱ्यांना विचारा.

सुरतेत २०१९ मध्ये धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला, तोही याच जातीचा. बहुतेक कापड कारखाने, चिमणीवर सतत मोजणारं यंत्र, सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची एक मर्यादा आणि त्या मर्यादेतले परवाने आपसात विकत घ्यायची मुभा. ज्याला धूळ स्वस्तात कमी करता येते तो जास्त कमी करतो आणि उरलेले परवाने विकतो. सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलं, आणि जवळजवळ सगळ्यांनी हिशोबाच्या वेळी पुरेसे परवाने दाखवले. सांडपाण्याला हे जसंच्या तसं लागू होणार नाही. पाणी सतत मोजणारी यंत्रं फसवायला सोपी, सेन्सर साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. पण तुमच्या सीईटीपीच्या भाराचे हक्क सभासदांना आपसात देता-घेता आले तर पहिलं पाऊल पडेल.

नावं जाहीर करण्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ पासून चिमणीच्या नमुन्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, कोणालाही पाहता येतील असे. कल्पना चांगली आहे. पण वसाहतीच्या पातळीवर करणार असाल तर इंडोनेशियाची १९९५ ची रीत डोळ्यांपुढे ठेवा. त्यांनी रंग ठरवले, पहिल्यांदा फक्त चांगल्या पाच कारखान्यांचीच नावं जाहीर केली, आणि वाईट रंगवाल्यांना खासगीत कळवून सहा महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर सगळी यादी उघड केली. आपल्याकडे गावात अब्रूला किंमत आहे. मालकाची मुलं त्याच तालुक्याच्या शाळेत जातात, खाडीवरचे कोळी त्याला नावाने ओळखतात. मुदत न देता नाव फोडलं तर तो वकिलाकडे जातो. मुदत दिली तर बहुतेक वेळा फिटरला बोलावतो.

आणि ऑपरेटर. यावर मी जरा जास्त बोलेन, कारण कोणी बोलत नाही. ईटीपी ही कारखान्यातली सगळ्यात अवघड जिवंत प्रक्रिया आहे. रिॲक्टरमध्ये काय पडणार ते आधी ठाऊक असतं, ईटीपीत आज काय येईल ते कोणी सांगत नाही. आणि तिथे आपण ठेवतो सगळ्यात कमी पगाराचा, ठेकेदाराचा माणूस, जो रात्री एकटा असतो आणि ज्याला "नाही" म्हणायचा हक्क नसतो. त्या काळ्या टाकीच्या कारखान्यात आम्ही चार गोष्टी केल्या. ईटीपीला वेगळं वीजमीटर लावलं आणि त्याचा रोजचा आकडा थेट मालकाच्या फोनवर जाऊ लागला. ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) आणि टाकीत डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारा) बसवला, म्हणजे प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या आसपास राहील इतकाच ब्लोअर फिरेल. टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर तुंबले होते, ते काढून साफ केले. आणि त्या मुलाला कंपनीच्या पटावर घेतलं, पगार बॉयलर अटेंडंटइतका केला, उत्पादनाच्या व्यवस्थापकाच्या हाताखालून काढलं.

जिवाणूंचा नवा गाळ शेजारच्या चांगल्या प्लांटमधून टँकरने आणून टाकला. टाकीला तपकिरी रंग यायला जवळजवळ सहा आठवडे लागले. ब्लोअर चोवीस तास चालूनही वीजबिल आधीपेक्षा लक्षात येण्याइतकं कमी आलं, कारण आधी तो पंधरा तास पूर्ण वेगाने फिरून तुंबलेल्या डिफ्यूझरमधून हवा ढकलत होता. लॉगबुकात पीएच एक दिवस ६.८, एक दिवस ७.९ असा वर-खाली दिसू लागला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते पान बराच वेळ पाहिलं आणि संयुक्त नमुना घ्यायच्या आधीच म्हणाला, "हा प्लांट चालतोय."

एवढं सगळं करूनही तुमच्या ऐंशीतले चार-पाच जण ऐकणार नाहीत. त्यांच्यासाठी समजूत नको. सीईटीपीकडे जाणारा त्यांचा व्हॉल्व्ह तुमच्या हातात आहे आणि सभासदत्वाच्या करारात तो बंद करण्याचं कलम बहुधा आधीपासून असेल. नसेल तर येत्या सर्वसाधारण सभेत घाला. चिठ्ठीने घेतलेले तीन नमुने सलग नापास झाले की व्हॉल्व्ह बंद, मंडळाला त्याच दिवशी पत्र. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर तो माणूस नाल्याकडे वळेल, म्हणून त्याच्या मागच्या भिंतीकडचं पावसाळी गटार आधी तपासून घ्या. पावसाळा संपला की गटारं कोरडी पडतात. नोव्हेंबरमध्ये वसाहतीतून पायी एक फेरी मारा आणि ज्या गटारात पाणी दिसेल ते कुठून येतंय ते उलटं शोधत जा.